गिओन मात्सुरी: मिरवणुकीच्या आधीच क्योतो गाठा

जपानच्या कानसाई भागात, म्हणजे ओसाका-क्योतोच्या पट्ट्यात, शिकायला आलेली नवी मुलं जून लागला की हमखास विचारतात, गिओन मात्सुरीला कोणत्या दिवशी जायचं? बहुतेकांच्या डोक्यात 17 जुलैची रथांची मिरवणूक असते. ती बघाच. पण पर्यटकाच्या हाती एखादाच दिवस असतो आणि तुम्ही इथे राहता, हा फार मोठा फायदा आहे. क्योतोच्या यासाका मंदिराचा हा उत्सव जुलैचा अख्खा महिना चालतो. मला त्यातला सर्वांत जास्त भावणारा भाग मिरवणुकीच्या आधी, शिजो रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांमध्ये असतो.

मी ओसाकाला मास्टर्स करते. 2023 मध्ये 17 जुलै सोमवारी आली आणि त्याच दिवशी 'उमी नो ही' ही सागरदिनाची सुट्टी होती, त्यामुळे शनिवारपासून सलग तीन दिवस मोकळे मिळाले. असा योग दर वर्षी येत नाही, कारण मिरवणुकीची तारीख ठरलेली असते, वार कोणताही असो. त्यातच जुलैअखेर सत्रपरीक्षा येतात. म्हणून लॅबमधल्या सेन्सेईंना, म्हणजे प्राध्यापकांना, जूनमध्येच सांगून ठेवा.

आधी प्रवासाचं. जपान रेल पास थोड्या दिवसांसाठी येणाऱ्या पर्यटकांना मिळतो, विद्यार्थी व्हिसावर नाही. तुमच्यासाठी 'गाकुवारी' आहे: जेआर रेल्वेचा एका बाजूचा प्रवास 100 किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर मूळ भाड्यात 20 टक्के सवलत. त्याचा दाखला विद्यापीठातून घ्यायचा. नागोया, हिरोशिमा किंवा तोक्योहून येणाऱ्यांनी तो आठवणीने काढावा. ओसाकाहून मात्र हान्क्यू रेल्वे जेआरपेक्षा स्वस्त पडते आणि थेट कारासुमा स्टेशनवर, म्हणजे उत्सवाच्या ऐन मध्यावर उतरवते. या दिवसांत क्योतोतल्या खोल्यांचे दर खूप चढतात. मुक्काम करायचाच असेल तर बिवा तलावाकाठचं ओत्सु बघा. क्योतोहून लोकल गाडीने दहाएक मिनिटांवर आहे.

शनिवारी उजाडताच फुशिमी इनारी मंदिरात गेले. प्रवेशाला पैसे नाहीत, दार कधी बंद होत नाही, आणि सकाळी सात वाजेपर्यंत लाल तोरींची, म्हणजे कमानींची, वाट बऱ्यापैकी मोकळी असते. दुपारी उन्हात हिंडू नका, क्योतोचा जुलै फार दमट असतो. त्या वेळात राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बसा. तुमचं विद्यापीठ 'कॅम्पस मेंबर्स' योजनेत आहे का, ते आधी विचारून ठेवा. असेल तर विद्यार्थी-ओळखपत्रावर सवलत मिळते.

संध्याकाळ मात्र पूर्ण राखून ठेवा. 15 आणि 16 जुलैला सहाच्या सुमारास शिजो आणि कारासुमा हे हमरस्ते वाहनांना बंद होतात. त्या रात्रींना 'योइयामा' म्हणतात. होको नावाच्या उंच रथांवर कंदिलांच्या ओळी लागतात आणि वर बसलेली मंडळी झांज, बासरी, ढोल वाजवतात, 'कोन-चिकि-चिन'. खाण्याच्या टपऱ्यांवर शाकाहारी मंडळींनी जरा जपून असावं, ताकोयाकीत ऑक्टोपस असतो आणि याकिसोबात बहुधा डुकराचं मांस. लोणी घातलेला बटाटा, भाजलेलं कणीस आणि काकिगोरी हा बर्फाचा गोळा चालतो. युकाता, म्हणजे उन्हाळी सुती किमोनो, नेसणार असाल तर डावा पदर वर आणि उजवा आत. उलटी पद्धत मृतांसाठी असते.

हमरस्त्यावर फार रेंगाळू नका. शिनमाची, मुरोमाची या गल्ल्यांत शिरा. प्रत्येक रथ एकेका वस्तीचा असतो, त्याचा खर्च, बांधणी, वादन सगळं तिथली माणसं पाहतात. पुण्यातल्या गणेश मंडळांची तालीम, वर्गणी आणि मानाचा क्रम ज्याने पाहिला आहे त्याला हे चटकन उमगेल. इथेही मान आहे: नागिनाता-होको नेहमी पहिला. आणखी मोजके रथ वगळता बाकीच्यांचा क्रम 2 जुलैला चिठ्ठ्या टाकून ठरतो. वस्तीच्या सभागृहात रथावरची वस्त्रं मांडलेली असतात, ती सावकाश बघा. त्यात फ्लँडर्सला, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या भागात, विणलेले 16 व्या शतकातले चित्रांचे पडदे आहेत, आणि काही गालिचे तर अभ्यासक दख्खनमध्ये विणलेले मानतात. डच व्यापाऱ्यांची जहाजं नागासाकीला येत, त्या वाटेने असा माल जपानला पोचे. आपल्या मुलखातल्या विणकरांचं काम इथल्या वस्त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं आहे, हे समजलं तेव्हा माझा ऊर भरून आला.

तिथेच 'चिमाकी' विकत मिळते. जपानी मिठाईतही चिमाकी नावाचा पदार्थ आहे, पण ही खायची नसते; बांबूच्या पानांची ही जुडी रोगराई दूर राहावी म्हणून वर्षभर दारावर लावतात. उत्सवाचं मूळही तेच. 869 मध्ये साथ पसरली तेव्हा देशातल्या प्रांतांइतके, म्हणजे 66 होको (तेव्हा रथ नव्हे, भाल्यासारखी शस्त्रं) उभारून प्रार्थना केली गेली, असं सांगतात.

सोमवारी सकाळी नऊला मिरवणूक शिजो-कारासुमाहून निघते. गर्दीत एकच जागा निवडायची तर कोपरा निवडा. होकोची चाकं वळत नाहीत. म्हणून चाकांखाली चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या अंथरतात, त्यावर पाणी ओततात आणि बाजूने दोर ओढून सुमारे बारा टनांचा रथ थोडा थोडा फिरवतात. शिजो-कावारामाचीच्या चौकात मरणाची गर्दी होते. कावारामाची-ओइकेचा चौक रुंद आहे, तिथे मला नीट दिसलं. पाणी, टोपी आणि मिठाच्या गोळ्या जवळ ठेवा. कचऱ्यासाठी पिशवी घ्या आणि रेसिडेन्स कार्ड विसरू नका, ते कायद्याने सतत जवळ लागतं.

दुपारी बहुतेक लोक परततात. तुम्ही थांबा. रथांची मिरवणूक ही देवांसाठी रस्ता शुद्ध करण्याची तयारी असते, देव तर संध्याकाळी निघतात. यासाका मंदिराच्या दगडी पायऱ्यांखाली तीन मिकोशी, म्हणजे पालख्या, एकत्र येतात आणि 'होइत्तो, होइत्तो' असा गजर करत खांदेकरी त्या उंच उचलतात. माझ्या दृष्टीने अख्ख्या उत्सवाचा गाभा हाच.

17 तारीख जमलीच नाही तर 24 जुलैला दुसरी मिरवणूक असते. तिच्या आधीच्या रात्री टपऱ्या नसतात, रस्तेही बंद होत नाहीत, त्यामुळे रथ निवांत बघता येतात. त्यात ताकायामा शोधा: 1826 नंतर तो मिरवणुकीतून गेला आणि 196 वर्षांनी, 2022 मध्ये, परत आला. आणि 12-13 जुलैला क्योतोत असाल तर 'हिकिझोमे' चुकवू नका. नव्याने बांधलेले होको त्या दिवशी चालवून बघतात आणि दोर कोणालाही धरता येतो, मुलींनाही.

पुढच्या वर्षी याहून जवळ जायचं असेल तर रथ ओढायला आणि टपऱ्यांचा कचरा वेगळा करायला स्वयंसेवक घेतात, परदेशी विद्यार्थीही. वसंत सत्र सुरू झालं की विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात चौकशी करा. कामाचे पैसे मिळणार असतील तर आधी अर्धवेळ कामाची परवानगी घ्यावी लागते आणि ते तास आठवड्याच्या 28 तासांच्या मर्यादेत धरले जातात.