सांगलीत घरच्या घरी रोडस्टर बांधायची असेल तर

ट्रॅक्टरची ट्रॉली, उसाची बैलगाडी, मळणीयंत्राचा सांगाडा हे सगळं आपल्या भागात कुणीतरी शेजारीच बांधून देतं. मग दोन सीटची उघडी गाडी का बांधू नये, असा विचार सांगली-मिरजेत अनेकांच्या डोक्यात येतो, आणि तो मुळीच वेडा नाही. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून चालू होणारी चारचाकी बांधली होती. 2021 च्या अखेरीस ती देशभर गाजली आणि आनंद महिंद्रांनी तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. हात आपल्याकडे आहेत. बहुतेकांचा चुकतो तो क्रम.

इथे सांगतोय ती गाडी लोटस सेव्हनच्या वळणाची. कॉलिन चॅपमनच्या कंपनीने ती 1957 मध्ये आणली. त्या काळी इंग्लंडमध्ये तयार गाडीवर खरेदी कर लागायचा, सुट्या भागांवर लागत नसे. म्हणून लोक किट विकत घ्यायचे आणि घराच्या गॅरेजमध्ये जोडायचे. 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅमकडे गेले आणि त्या घाटाची गाडी आजही बनते. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना, पातळ चौकोनी पाइपांचा जाळीदार सांगाडा आणि वजन पाचशे किलोंच्या आसपास. आपल्याकडे असं किट दुकानात मिळत नाही. आपलं किट म्हणजे एक चांगला आराखडा, एक जुनी गाडी आणि कुपवाड-मिरज एमआयडीसीतले लेथवाले, लेझर कटिंगवाले, फायबरवाले.

सगळ्यात आधी कायदा

ही गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही, हे पाइप आणण्याआधी घरात सगळ्यांना सांगून टाका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणीशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. नोंदणीसाठी त्या मॉडेलचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेतून तपासून घ्यावा लागतो. ती वाट कारखानदारांसाठी आहे, एकट्या माणसाच्या खिशाला परवडणारी नाही. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती गाडीची तपासणी करून परवानगी देण्याची सोय आहे, त्यामुळे तिकडचे व्हिडिओ पाहून इथले हिशेब करू नका. जुन्या गाडीचं आरसी बुक वापरून नवा सांगाडा खपवता येईल असं सांगणारे भेटतील. कलम 52 अन्वये मूळ रचनेत असा बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच स्पष्ट केलं. जुना चेसिस नंबर नव्या पाइपवर ठोकणं हा तर सरळ गुन्हा.

म्हणून गाडी बांधायची ती स्वतःच्या शेतातल्या वाटेसाठी, मालकाच्या परवानगीने खासगी आवारासाठी किंवा बंदिस्त ट्रॅकसाठी. वाहून न्यायची ती टेम्पोत घालून. अभियांत्रिकीच्या मुलांना बाहा आणि फॉर्म्युला भारतसारख्या, स्वतः गाडी बांधून उतरायच्या स्पर्धांची दारं उघडी आहेत, तिथे मात्र त्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेप्रमाणेच बांधावं लागतं. जी जुनी गाडी तुम्ही मोडणार तिची नोंदणी रद्द करून घ्या. कलम 55 प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

कोणती गाडी मोडायची

माझं मत स्पष्ट आहे: मारुती ओम्नी. मारुती 800 भंगारात सहज मिळते, पण तिचं इंजिन आडवं आणि जोर पुढच्या चाकांना, त्यामुळे या घाटासाठी ती कामाची नाही. ओम्नीत 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन लांबीच्या दिशेने बसतं, मागे गिअरबॉक्स, मग इंजिनाचा जोर मागे नेणारा प्रोपेलर शाफ्ट, मग मागचा अखंड एक्सल. म्हणजे आपल्याला हवी ती साखळी आयती जुळलेली मिळते. ताकद 35 हॉर्सपॉवरच्या आसपास, पण पाचशे किलोंच्या गाडीला ती पुरेशी मजा देते. जिप्सीचं 1298 सीसीचं इंजिन जास्त दमदार आहे, पण जिप्सीला ऑफरोडवाल्यांकडून मागणी असते आणि फोर व्हीलचा पसारा आपल्याला नको असतो.

ओम्नी अख्खी आणि चालू स्थितीत घ्या. सुटं इंजिन घेतलं की वायरिंग, पेडल, सेन्सर, रेडिएटर एकेक करून शोधत बसावं लागतं. मोडताना प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधा, प्रत्येक ब्रॅकेटचा फोटो काढा, आणि मूळ गाडीत इंजिन किती कललेलं आहे ते मोजून लिहून ठेवा. नव्या सांगाड्यात तोच कोन ठेवायचा, नाहीतर ऑइलची पातळी बिघडते. पेट्रोलची टाकी सगळ्यात आधी काढून लांब ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिच्या जवळपास ग्राइंडरसुद्धा लावू नका.

सांगाडा: इथे वेळ घालवा

गाडी सरळ पळणार की एका बाजूला ओढणार, हे इंजिनावर ठरत नाही, जमिनीवरच्या मापावर ठरतं. 18 मिलीमीटरची प्लायवूड शीट मजबूत फ्रेमवर बसवा. लांबी कमी पडली तर तुकडा जोडा. स्पिरिट लेव्हलने चारही बाजूंनी पातळी बघा. मग मधोमध गवंड्याच्या रंगीत दोऱ्याने एक रेघ मारा. पुढचं प्रत्येक माप या मध्यरेषेपासून डावी-उजवीकडे घ्यायचं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कधीच नाही. तळाचा आराखडा शीटवर पूर्ण मापात काढा आणि पाइप त्या रेघांवर ठेवून दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे स्क्रूने आवळा.

पाइप 25 बाय 25 चा, 16 गेजचा म्हणजे 1.6 मिलीमीटर जाडीचा, काळा ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून वेल्डिंगने जोडलेला. जीआय पाइप घेऊ नका, त्यावरचं जस्त वेल्डिंगमध्ये जळतं आणि तो धूर विषारी असतो. जाडी वाढवून गाडी मजबूत होईल असं वाटतं, होतं उलटं: वजन वाढतं आणि ताकद जिथे हवी तिथे येत नाही. या सांगाड्याचा जोर त्रिकोणात आहे. चौकोन सांध्यातून तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. आराखड्यातला एखादा तिरपा पाइप अडचणीचा वाटतो म्हणून गाळायचा मोह झाला, तर आधी तिथलं वजन कुठून कुठे जाणार ते कागदावर काढून बघा.

चारही कोपरे जुळले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्हींत दोन मिलीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. उभे पाइप ओळंब्याने तपासा. आणि सांगाडा पक्का करण्याआधी सीट आणि पेडल नुसते ठेवून आत बसून बघा. या गाडीची बसायची जागा अरुंद असते आणि सहा फुटी माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात. आत्ता पाइप सरकवायला वेल्डिंगचा एक तात्पुरता टाका तोडावा लागतो, नंतर अख्खा सांगाडा कापावा लागेल.

वेल्डिंगसाठी आपल्याकडे उत्तम ट्रॉलीवाले वेल्डर आहेत, पण त्यांचा हात जाड पत्र्यावर आणि आर्कवर बसलेला असतो. 1.6 मिलीमीटरच्या पाइपला आर्कने भोक पडतं. सीओटू वेल्डिंगवाला (वायूच्या आवरणात बारीक तारेने जोडणारा) शोधा, आणि त्याला सांगाड्याला हात लावू देण्याआधी त्याच पाइपचे चार तुकडे जोडायला द्या. एक सांधा करवतीने आडवा कापा. वितळलेला धातू दोन्ही पाइपांच्या आतपर्यंत एकजीव दिसायला हवा. नुसता वर बसलेला फुगवटा दिसला तर करंट कमी आहे. दुसरा तुकडा व्हाइसमध्ये पकडून हातोड्याने वाकवा. पाइप वाकला आणि सांधा टिकला तर तो वेल्डर तुमचा. सांधा उकलला तर सेटिंग बदलून पुन्हा करा. चांगला कारागीर या परीक्षेला हरकत घेत नाही.

सगळा सांगाडा आधी फक्त टाके मारून उभा करा, पुन्हा कर्ण मोजा, मगच पूर्ण वेल्डिंग. एका कोपऱ्यातले सगळे सांधे एका दमात भरू नका. डावीकडचा एक, उजवीकडचा एक, पुढचा, मागचा असं फिरत राहा. वेल्ड थंड होताना पाइपला ओढतो आणि एकाच बाजूने ओढ बसली की सांगाडा केळ्यासारखा वाकतो. दिसायला छान व्हावं म्हणून वेल्ड ग्राइंडरने सपाट घासू नका, ताकद तिथेच असते.

चाकं, स्टिअरिंग आणि ब्रेक

मागे ओम्नीचे पाटे काढून चार दांड्या, एक आडवी दांडी आणि कॉइल स्प्रिंग असं बसवतात. एक्सलवर नवे ब्रॅकेट जोडताना थोडं-थोडं वेल्डिंग करून थंड होऊ द्या, नळी वाकली तर आतले शाफ्ट आणि बेअरिंग खातात. पुढे मात्र ओम्नीचे उंच स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग-शॉकअब्सॉर्बरचे उभे खांब, खाली उतरलेल्या बॉनेटमध्ये मावत नाहीत. तिथे वर-खाली दोन विशबोन (चाकाला सांगाड्याशी जोडणारे त्रिकोणी हात) घ्यायचे आणि नकलच्या (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) वरच्या बाजूला बॉल जॉइंटसाठी जोडतुकडा लेथवर करून घ्यायचा. हा तुकडा तुटला तर चाक निखळतं. त्याचं डिझाइन एखाद्या मेकॅनिकल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय बनवू नका. विश्रामबागेतल्या वालचंद कॉलेजसारखी संस्था गावात असताना विचारायला लाजायचं कारण नाही.

स्टिअरिंग रॅकची, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या दांडीची, दिशा नीट बघा. नकलचा हात चाकाच्या मागे आहे की पुढे, यावर रॅक कुठे बसेल ते ठरतं. तिथे चूक झाली तर उजवीकडे वळवल्यावर चाकं डावीकडे जातात. उंचीसुद्धा तितकीच महत्त्वाची. रॅक चुकीच्या उंचीवर असेल तर खड्ड्यात चाक वर उचललं की ते आपोआप वळतं. तपासायला सोपं आहे: स्प्रिंग काढा, चाक हाताने पूर्ण वर आणि पूर्ण खाली न्या, आणि रिमला लावलेली सरळ पट्टी जमिनीवरच्या रेघेपासून किती हलते ते बघा. जवळपास न हलणारी उंची सापडेपर्यंत रॅक पक्की करू नका.

ब्रेक दोन स्वतंत्र सर्किटचेच हवेत, एक फुटलं तरी दुसरं थांबवतं. फ्रिजवाल्याकडची तांब्याची नळी ब्रेकला वापरू नका, कंपनांनी ती कडक होऊन चिरते. ब्रेकसाठीच बनवलेली स्टीलची नळी घ्या, टोकं नीट फ्लेअर करा, म्हणजे तोंड पसरट करा. सगळं भरल्यावर पेडलवर पूर्ण जोर देऊन मिनिटभर उभं राहा आणि प्रत्येक सांध्याभोवती टिश्यू पेपर फिरवा. पेडल हळूहळू खाली जात असेल किंवा कागद ओला झाला, तर काम अपुरं आहे. हलक्या गाडीत मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी गिरकी घेते, म्हणून मागच्या लाइनवर ब्रेकचा दाब कमी करणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लावा.

इंजिन आणि बाकीचं

आता इंजिन. ते मूळ रबर माउंटिंगवरच बसवा. प्रोपेलर शाफ्टची लांबी बहुधा बदलावी लागते. कापून जोडल्यावर तो बॅलन्स करून घेतला नाही तर वेगात गाडी थरथरते. शाफ्टभोवती लोखंडी पट्ट्यांचं कडं लावा, कारण तो तुमच्या मांडीशेजारून फिरत असतो. रेडिएटर नाकात, इलेक्ट्रिक पंख्यासह. एप्रिल-मेमध्ये जत-आटपाडीकडे ऊन चाळिशीला टेकतं, तेव्हा पंख्याशिवाय भागत नाही. पाणी भरायचं तोंड सगळ्यात उंच ठेवा, नाहीतर हवा अडकून राहते. टाकी सायलेन्सरपासून लांब, सीटच्या मागे, मध्ये पत्र्याचा पडदा. बॅटरीचा मेन स्विच हाताला येईल असा.

बाजूंना 1.2 मिलीमीटरचा अॅल्युमिनियम पत्रा पॉप रिव्हेटने लावा, आणि पत्रा-पाइपच्या मध्ये सीलंट भरा, नाहीतर दोन धातूंच्या संपर्काने पत्रा सडतो. नाक आणि मडगार्ड फायबरचे. रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी कमान, डोक्यापेक्षा उंच हवा आणि सीटबेल्टचे बोल्ट सांगाड्यालाच. रोल बारशिवाय ही गाडी चालवू नये, शेतातसुद्धा नाही.

पहिली फेरी

त्याआधी चाकांची सरळाई दोऱ्याने घ्या. गाडी सपाट फरशीवर, ड्रायव्हरच्या वजनाची पोती सीटवर, आणि दोन्ही बाजूंनी मध्यरेषेला समांतर ताणलेला दोरा. प्रत्येक पुढच्या चाकाच्या रिमची पुढची आणि मागची कड दोऱ्यापासून मोजा. दोन्ही चाकं मिळून पुढची बाजू एक-दोन मिलीमीटर आत झुकलेली ठेवा. मग मोकळ्या आवारात, हेल्मेट घालून, अग्निशामक घेऊन उभा असलेला एक माणूस बाजूला ठेवून, पहिल्या गिअरमध्ये चला आणि थांबा. पुन्हा चला, पुन्हा थांबा. ब्रेकवर विश्वास बसल्याशिवाय दुसरा गिअर नाही.

सस्पेंशन आणि स्टिअरिंगच्या प्रत्येक नटावर आवळल्यानंतर रंगाची रेघ ओढून ठेवा. फेरी संपली की खाली वाकून बघा. जिथे रेघ तुटलेली दिसेल तो नट हलला आहे. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदा काढला की परत वापरू नका, नवा लावा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हे सगळं पुन्हा करा, आणि पावसाळ्याआधी पाइपांच्या उघड्या टोकांतून गंजरोधक तेल आत सोडून टोकं बंद करा.