काल्पनिक मध्ययुगीन राज्यातील उमरावांची उतरंड कशी रचावी

काल्पनिक मध्ययुगीन जग रचायला बसलेला लेखक बहुधा सर्वांत आधी पदव्यांची यादी करतो: वर राजा, त्याखाली ड्यूक, मग मार्क्वेस, अर्ल किंवा काउंट, व्हायकाउंट, बॅरन आणि तळाशी नाइट, म्हणजे घोड्यावरून लढणारा चिलखती योद्धा. यादी देखणी दिसते, पण तिच्यातून कथा निघत नाही, कारण काउंटने ड्यूकचे का ऐकायचे आणि ऐकले नाही तर काय होणार, याचे उत्तर तिच्यात नसते. शिवाय ही आखीव उतरंड कोणी एका बैठकीत ठरवलेली नव्हती. इंग्लंडमध्ये अर्ल आणि बॅरन जुने. पहिला इंग्लिश ड्यूक १३३७ मध्ये झाला, मार्क्वेस १३८५ मध्ये आणि व्हायकाउंट १४४० मध्ये. म्हणजे १०६६ मध्ये फ्रान्समधील नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर पावणेतीनशे वर्षे त्या राज्याचा गाडा एकाही इंग्लिश ड्यूकवाचून चालला. म्हणून पदव्या सर्वांत शेवटी ठरवाव्यात, आणि सुरुवात कोण कोणाचे काय देणे लागतो, या प्रश्नापासून करावी.

या देण्याघेण्याचे मूळ धान्यात आहे. मध्ययुगीन युरोपात पेरलेल्या एका दाण्यामागे तीन-चार, फार तर पाच दाणे हाती येत आणि त्यातलाही एक पुढच्या पेरणीसाठी राखून ठेवावा लागे. त्यामुळे दहांपैकी आठ-नऊ माणसे शेतातच राबत, आणि युद्धाचा घोडा, चिलखत, शस्त्रे व मोतद्दार यांचा खर्च सोसणारा एक स्वार उभा करायला कित्येक कुटुंबांचे उरलेसुरले धान्य लागे. नाणे दुर्मीळ, रस्ते वाईट, तेव्हा सगळा सारा राजधानीत गोळा करून तिथून पगार वाटणे राजाला जमणारे नव्हते. त्याऐवजी तो जमीनच तोडून देई आणि बदल्यात सेवा मागे. इंग्लंड आणि फ्रान्समध्ये या लष्करी सेवेची रूढ मर्यादा वर्षाला चाळीस दिवसांची होती. या एका आकड्यात केवढे नाट्य आहे ते पाहावे: वेढा एकेचाळिसाव्या दिवसात गेला की राजाला एकतर पदरचे पैसे मोजावे लागतात, नाहीतर अर्धी छावणी उठून घरी जाते. आपल्या जगात ही मर्यादा किती दिवसांची आहे हे ठरवून टाकावे. सेनापतीच्या मनात ती सतत टिकटिकत राहील.

यासाठी आधी नकाशा घ्यावा आणि प्रत्येक प्रदेशातून काय निघते ते लिहावे. धान्य, मीठ, लोखंड, लाकूड यांच्याबरोबरच खिंड, पूल आणि बंदर यांचीही नोंद करावी, कारण जकात तिथेच वसूल होते. मग प्रत्येक जहागिरीबद्दल विचारावे की ती किती स्वार पोसते, तिथला जकातीचा पैसा कोणाच्या पेटीत जातो आणि तिथे फाशीची शिक्षा देण्याचा अधिकार कोणाला आहे. यातला शेवटचा प्रश्न नवे लेखक हमखास विसरतात, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोलाचा आहे. ज्याला स्वतःच्या दरबारात न्याय करता येतो आणि दंडाची रक्कम स्वतःकडे ठेवता येते, तो कागदावर कितीही खालचा असो, आपल्या मुलखात छोटा राजाच असतो. वेल्सच्या सीमेवरील सरदारांचे असेच होते. शत्रूला तोंड देण्याची जबाबदारी त्यांच्यावर असल्यामुळे राजाच्या परवानगीवाचून किल्ले बांधण्याची आणि लढाई करण्याची मोकळीक त्यांनी मिळवली होती, आणि राजाच्या न्यायालयाचे हुकूम तिथे सहसा चालत नसत. काल्पनिक राज्याच्या सीमेवर असा एक तरी सरदार अवश्य ठेवावा.

देणेघेणे ठरले की शपथांकडे वळावे. मांडलिकाची शपथ एका माणसाने दुसऱ्या माणसाला दिलेली असते, अमूर्त राज्यसंस्थेला नव्हे, आणि म्हणूनच शपथांचे जाळे नेहमी गुंतते. इंग्लंडचा राजा आपल्या फ्रान्समधील जमिनींपुरता फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. पुढे दुसरा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर आलेल्या राजपुत्राने ११५२ मध्ये एलिनॉरशी विवाह केला, तिच्याबरोबर फ्रान्समधील तिचे विस्तीर्ण संस्थान अ‍ॅक्विटेन आले, आणि काही वर्षांत फ्रान्सच्या राजाच्या थेट ताब्यात होती त्याहून जास्त जमीन त्याच्या या ‘मांडलिका’कडे झाली. उतरंडीच्या चित्रात जो खाली, तोच नकाशावर मोठा. असा विपर्यास योजून करावा. त्याचप्रमाणे एकाच माणसाला दोन वेगळ्या धन्यांकडून जमिनी मिळालेल्या असाव्यात; ते दोघे एकमेकांवर चालून गेले की त्याने कोणाच्या बाजूने उभे राहायचे, हा पेच आयता मिळतो.

मांडलिकाचा मांडलिक थेट राजाला बांधील आहे का, हेही आधीच ठरवावे, कारण बंडाचा निकाल त्यावर लागतो. इंग्लंडमध्ये पहिल्या विल्यमने १०८६ मध्ये सॉल्सबरी येथे महत्त्वाच्या सर्व जमीनधारकांकडून, ते कोणाचेही मांडलिक असोत, स्वतःशी निष्ठेची शपथ घेतली. जिथे अशी शपथ नसते तिथे बॅरनने बंड केल्यावर त्याचे नाइट निमूटपणे त्याच्यामागे जातात आणि त्यांना गद्दारही म्हणता येत नाही. इंग्लंडमध्ये पुढे १२९० च्या कायद्याने जमिनीखाली नवे पोटधारक निर्माण करण्यालाच बंदी घातली. उतरंड खालच्या बाजूने वाढत गेली की वरच्यांचे हक्क बुडतात, हे दोनशे वर्षांच्या अनुभवाने उमरावांना कळून चुकले होते.

आता मान आणि सत्ता यांची फारकत करावी. जर्मन सम्राट निवडणाऱ्यांचे मंडळ १३५६ च्या सुवर्णफर्मानाने कायम केले, त्यात सात जण होते: माइन्झ, ट्रियर आणि कोलोन येथील तीन आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, सॅक्सनीचा ड्यूक, ब्रँडेनबुर्गचा सीमारक्षक सरदार आणि ऱ्हाइनचा काउंट पॅलाटिन. एका मंडळात धर्मगुरू, राजा, ड्यूक आणि काउंट, आणि मत प्रत्येकाला एकच. याउलट त्याच साम्राज्यातील इतर अनेक ड्यूकना मतच नव्हते. याहून चमत्कारिक उदाहरण त्याच भूमीतील ‘मिनिस्टेरियालेस’ या वर्गाचे आहे. हे लोक कायद्याने परतंत्र होते, धन्याच्या संमतीवाचून त्यांना विवाह करता येत नसे, तरी ते घोड्यावर बसून नाइट म्हणून लढत आणि किल्ले सांभाळत. इजिप्तमध्ये १२५० ते १५१७ या काळात गुलाम म्हणून विकत आणलेल्या, प्रशिक्षण देऊन मुक्त केलेल्या मामलुकांनीच राज्य केले, आणि त्यांच्या मुलांना वडिलांचे स्थान सहसा मिळत नसे. रक्ताचा वारसा हाच सत्तेचा एकमेव मार्ग असतो, हे गृहीत धरण्याचे कारण नाही.

अर्थात बहुतेक कथानके वारशावरच उभी राहतात, म्हणून इथे घाई करू नये. सर्व मुलांत वाटणी होते की थोरल्यालाच सगळे मिळते, हा पहिला निर्णय. वाटणी केली तर राज्य दोन-तीन पिढ्यांत विखुरते. पश्चिम युरोपचा सम्राट शार्लमेन याचे साम्राज्य त्याच्या तीन नातवांनी ८४३ मध्ये वर्दूनच्या तहाने वाटून घेतले. थोरल्यालाच सगळे दिले तर जमीन अखंड राहते, पण प्रत्येक गढीत तलवार चालवता येणारे, स्वाभिमानी आणि निर्धन असे धाकटे मुलगे तयार होतात. ते धर्मसंस्थेत जातात, भाडोत्री सैनिक होतात, श्रीमंत विधवा शोधतात किंवा दूरच्या मोहिमेत नशीब काढायला निघतात. कथेतील निम्मी धाडसी माणसे याच वर्गातून यायला हवीत.

दुसरा निर्णय अल्पवयीन वारसाचा. वारस सज्ञान होईपर्यंत जहागिरीचे उत्पन्न धन्याकडे जाते आणि त्या मुलाचा किंवा मुलीचा विवाह कोणाशी करायचा हेही तोच ठरवतो, अशी रीत होती, आणि हे पालकत्व सरळ विकलेही जाई. सज्ञान वारसालाही जमिनीचा ताबा घेताना धन्याला रक्कम द्यावी लागे. ती किती असावी यावर इतके तंटे झाले, की १२१५ च्या मॅग्ना कार्टाने, म्हणजे इंग्लंडच्या राजाने उमरावांच्या दबावाखाली दिलेल्या सनदेने, अर्ल किंवा बॅरनच्या वारसासाठी १०० पौंड आणि नाइटच्या वारसासाठी जास्तीत जास्त १०० शिलिंग अशी मर्यादा घातली.

तिसरा निर्णय मुलींचा. फ्रान्समध्ये १३२८ साली राजा पुत्राविना वारला तेव्हा त्याच्या बहिणीच्या मुलाचा, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डचा, दावा बाजूला सारून व्हाल्वा घराण्यातील चुलतभावाला गादी दिली गेली, आणि १३३७ मध्ये सुरू झालेल्या शतवार्षिक युद्धाला हा दावा कारणीभूत ठरला. ‘स्त्रीला वारसा नाही’ एवढे लिहून थांबू नये. स्त्रीच्या मार्फत तिच्या मुलाला तो मिळतो का, हेही लिहावे, कारण युद्ध त्या दुसऱ्या वाक्यावर पेटते.

उमरावांखालचा समाज अनेक काल्पनिक राज्यांत एकसारख्या चेहऱ्यांची गर्दी होऊन राहतो. निदान भूदास (धन्याच्या जमिनीला बांधलेला शेतकरी), स्वतंत्र शेतकरी, धन्याचा कारभारी, शहरी कारागीर आणि व्यापारी एवढे भेद करावेत. भूदास मेला की त्याचे उत्तम जनावर धनी घेऊन जातो, मुलीच्या लग्नासाठी धन्याला पैसे द्यावे लागतात, आणि पळून गेलेला भूदास ठरावीक शहरांत एक वर्ष आणि एक दिवस सापडला नाही तर मुक्त होतो. मध्ययुगीन युरोपातील या तीन प्रथा कोणत्याही लांबलचक वर्णनापेक्षा जास्त काम करतात. धर्मसंस्था ही तर समांतर उतरंडच असते: तिच्याकडे स्वतःच्या जमिनी, स्वतःची न्यायालये असतात, आणि तिथे हुशार शेतकऱ्याचा मुलगा क्वचित पार वरपर्यंत चढू शकतो.

आता जादू. इथे बहुतेक रचना कोसळतात, कारण मध्ययुगीन समाजाची चौकट जशीच्या तशी उचलून तिच्यावर जादू नुसती शिंपडलेली असते. चिलखती स्वार राज्य करतो, कारण त्याच्यापुढे पायदळ टिकत नाही. मंत्राने दहा स्वार एकदम पाडता येत असतील तर जमीन मांत्रिकांच्या हातात का नाही, याचे कारण द्यावेच लागेल. जादू रक्तातून उतरत असेल तर विवाहांवर करडी नजर राहील आणि अनौरस संततीची भीती दुप्पट होईल. ती कोणाच्याही पोटी उपजत असेल, तर भूदासाच्या घरातील पाच वर्षांचे मूल राज्याच्या दृष्टीने संकट ठरेल. आकाशातून अग्निसर्प उतरत असतील तर उंच तटबंदीचा उपयोग नाही, आणि रक्षणाच्या बदल्यात सेवा हा करारच मोडतो. क्षणात निरोप पोहोचत असतील तर सीमेवरील सरदाराची स्वायत्तता संपते, कारण ती अंतरावरच उभी होती. पाचशे वर्षे जगणाऱ्या वंशात थोरला मुलगा चारशे वर्षे वारशाची वाट पाहील का, की वडिलांनी ठरावीक वयाला पायउतार व्हायचा नियम असेल? आणि मेलेल्या माणसाला उठवता येत असेल, तर मुलाने शपथ घेतल्यानंतर परतलेल्या ड्यूकचे काय करायचे, यावर त्या जगातील वकिलांनी ग्रंथ लिहिलेले असायला हवेत.

एवढे झाल्यावर पदव्या द्याव्यात, आणि त्या तीन-चारच असाव्यात. सातव्या पदवीपर्यंत वाचक कोण कोणाच्या वर आहे ते विसरतो. परक्या पदव्या घ्यायच्या तर सगळ्या परक्या, देशी घ्यायच्या तर सगळ्या देशी. ड्यूकशेजारी सुभेदार बसला की जग दुभंगते. पायरी दाखवायला संवाद पुरेसा असतो: कोण कोणाला ‘तू’ म्हणतो, कोण ‘आपण’ म्हणतो आणि रागाच्या भरात कोणाचे ‘आपण’ गळून पडते. पोशाखाचाही उपयोग होतो. इंग्लंडमध्ये १३६३ साली कोणत्या थराने कोणते कापड आणि कातडे वापरावे याचा कायदा झाला आणि दोन वर्षांच्या आत मागेही घेतला गेला. असे कायदे तेव्हाच होतात जेव्हा व्यापाऱ्याच्या बायकोचा झगा सरदाराच्या बायकोच्या झग्याहून भारी दिसू लागतो, म्हणून उतरंड ढासळत आहे हे सांगण्यासाठी असा कायदा कथेत आणणे सोयीचे पडते.

रचना पक्की झाली का, हे तपासायला एकच तंटा घ्यावा आणि तो सर्व थरांतून फिरवावा. समजा, महत्त्वाच्या पुलाचा सरदार नऊ वर्षांची मुलगी मागे ठेवून वारला. पालकत्व कोणाकडे जाते, जकात कोण घेतो, काकाचा दावा कोणत्या नियमावर उभा आहे, जवळच्या मठाने पुलाशेजारची जमीन आपली असल्याचे जुने दानपत्र काढले तर निवाडा कोणाच्या दरबारात होतो, आणि पुलावर राबणारे भूदास या गोंधळात शहराकडे पळाले तर त्यांना परत आणायला कोणाचे स्वार निघतात? ज्या प्रश्नावर लेखणी अडते, तेवढाच भाग पुन्हा रचावा. कथेत मात्र हे सगळे ओतू नये. नऊ वर्षांच्या मुलीला जेवणाच्या मेजावर काकाच्या वर बसवले की खाली, एवढे लिहिले तरी वाचक बाकीचे ताडतो.