मेडिकेअर आहे म्हणून गाडीच्या विम्यातलं वैद्यकीय कवच सोडताय?

मिशिगनमध्ये जुलै २०२० पासून गाडीच्या विम्यातलं वैद्यकीय कवच, म्हणजे पीआयपी, किती घ्यायचं ते आपण ठरवू शकतो: अमर्याद, ५ लाख किंवा अडीच लाख डॉलर. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांचा सरकारी आरोग्य विमा, असेल तर ५० हजारांचा पर्याय आहे. आणि मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांचा सरकारी आरोग्य विमा, त्याचे ए (हॉस्पिटलचा खर्च) व बी (डॉक्टरांचा खर्च) हे दोन्ही भाग असतील तर पीआयपी पूर्ण नाकारताही येतं. हप्ता कमी होतो, म्हणून मोह होतोच.

पण अपघातानंतर खरा खर्च सुरू होतो तो हॉस्पिटलमधून घरी आल्यावर. अंघोळ घालायला, भरवायला, उठवून बसवायला महिनोन्‌महिने माणूस लागतो. घरात रॅम्प बसवावा लागतो. हे मेडिकेअर देत नाही, पीआयपी देतं. माझं मत विचाराल तर साठी-सत्तरीच्या माणसानं ते सोडू नये.

आणखी एक. नाकारायचं तर जोडीदाराकडे आणि घरात राहणाऱ्या नातेवाइकांकडेही पात्र, म्हणजे कायद्याच्या अटींत बसणारा, आरोग्य विमा किंवा पीआयपी असलेली गाडीची दुसरी पॉलिसी हवी. ग्रीन कार्डावर नुकतेच आलेले आई-बाबा तुमच्याकडे राहत असतील आणि त्यांचा विमा झालेला नसेल, तर फॉर्मवर सही करण्याआधी हे एजंटला स्पष्ट सांगा.