बाळाला रोटाव्हायरसचे जुलाब लागले तर घरी काय करायचं

साधारण सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाला अचानक उलट्या, ताप आणि मग पाण्यासारखी शी सुरू झाली तर रोटाव्हायरस असू शकतो. हा विषाणू लहान आतड्याच्या आतलं अस्तर खराब करतो, त्यामुळे पोटात गेलेलं पाणी अंगात नीट शोषलंच जात नाही. अँटिबायोटिकचा ह्यावर काही उपयोग नाही. जुलाब थांबवायची मोठ्यांची गोळी तर चुकूनही देऊ नका, लहान मुलांना ती धोक्याची आहे. ३ ते ८ दिवसांत शरीर स्वतःच हे आटोक्यात आणतं, तोवर बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही, खरं काम हेच.

ओआरएस लगेच सुरू करा. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट एकदम घालायचं, अंदाजाने अर्धं वगैरे नको कारण मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि उरलेलं २४ तासांनी फेकायचं. २ वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली. उलटी झाली की बरेच जण पाजणंच बंद करतात, तसं करू नका, १० मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा देत राहा, घाई केली की परत बाहेर येतं. अंगावरचं दूध चालूच ठेवा. झिंक डॉक्टरांना विचारून १० ते १४ दिवस द्या, जुलाब थांबले तरी कोर्स पूर्ण करा.

सहा तास शू नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही, टाळू किंवा डोळे खोल गेलेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, बाळ मलूल पडलंय किंवा काही पीतच नाही, शीत रक्त दिसतंय, ह्यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट बघू नका, दवाखान्यात न्या.

बरं झाल्यावर आतड्यात आयजीए अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढणारी शरीराची प्रथिनं, तयार झालेल्या असतात. परत होणारच नाही अशी खात्री त्या देत नाहीत, पण पुढचा आजार बहुतेक हलका जातो. तीन महिन्यांनंतर पहिल्यांदा होणारं इन्फेक्शनच सगळ्यात जड जातं, म्हणून तर तोंडावाटे द्यायची लस इतकी महत्त्वाची, तिच्यातल्या कमजोर केलेल्या विषाणूवर शरीराची आधीच तयारी होते. पहिला डोस सहा आठवड्यांपासून देता येतो, तो लांबवू नका. डोसनंतर काही दिवसांत बाळ थांबून थांबून जोरात कळवळून रडलं, उलट्या झाल्या किंवा शीत रक्त आलं तर लगेच दाखवा, आतडं आतड्यात अडकणं हा त्रास फार क्वचित होतो पण त्यात वेळ घालवून चालत नाही.

आणि डायपर बदलल्यावर साबणाने नीट हात धुवा, जुलाब थांबल्यानंतरही काही दिवस शीतून विषाणू बाहेर पडत असतो.