अग्निशमन पथकासाठी एईडी निवडताना: सोलापुरात आधी उन्हाचा विचार

स्वयंसेवी पथकासाठी एईडी, म्हणजे हृदयाला शॉक देणारं यंत्र, घ्यायचं ठरलं की विक्रेता आधी स्क्रीन दाखवतो आणि वजन सांगतो. सोलापुरात त्याला पहिला प्रश्न तापमानाचा करा. मे महिन्यात सावलीतच पारा ४२-४३ च्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तो ६० ओलांडू शकतो. माहितीपत्रकात दोन वेगळे आकडे असतात: वापराचं तापमान आणि तयार ठेवण्याचं, म्हणजे स्टँडबाय तापमान. वापराची मर्यादा बहुतेक यंत्रांत ५० अंश असते, पण काहींची स्टँडबाय मर्यादा ४३ लाच संपते. असं यंत्र इथल्या उन्हाळ्यात गाडीवर ठेवण्याच्या कामाचं नाही. दोन्ही आकडे ५० असलेलंच घ्या, आणि तरीही ते उन्हातल्या केबिनमध्ये सोडू नका.

उष्णतेने आधी बिघडतात ते छातीवर चिकटवायचे पॅड. त्यांच्यावरचं जेल वाळलं की पॅड कातडीला नीट चिकटत नाही आणि यंत्र 'पॅड तपासा' एवढंच सांगत राहतं. हृदय थरथरत असताना छातीदाब मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते, हे लक्षात घेतलं की त्या एका सूचनेची किंमत कळते. म्हणून यंत्राची कायमची जागा पथकाच्या खोलीत, सावलीत, दाराजवळ, कुलूप न लावलेल्या कपाटात असावी. वर्दी आली की ते गाडीत चढवायची जबाबदारी प्रत्येक पाळीत एकाच माणसाच्या नावावर ठेवा.

दुसरी गोष्ट धूळ आणि पाणी. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत कापसाचे तंतू हवेत तरंगत असतात, आणि आगीच्या जागी होजचं पाणी सगळीकडे. यंत्र धूळ-पाणी किती सोसतं ते त्याच्या आयपी आकड्यावरून कळतं: आयपी ५५ मधला पहिला ५ धुळीसाठी, दुसरा पाण्याच्या फवाऱ्यासाठी. ऑफिसच्या भिंतीवर टांगायला बनवलेली आयपी २१ ची यंत्रं स्वस्त मिळतात, पण ती फक्त वरून पडणारे थेंब सोसतात. पथकाने ती घेऊ नयेत.

आवाजाची सूचना मराठीत किंवा निदान हिंदीत हवी. डेमो शांत खोलीत घेऊ नका. पंप चालू ठेवून घ्या. सिद्धेश्वर यात्रेत होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला बंदोबस्ताला उभं राहायचं असेल, तर सूचना दिसणारी स्क्रीन असलेलं यंत्र उपयोगी पडतं. मिनिटाला १०० ते १२० दाबांचा ठेका देणारा टिकटिक आवाज हवाच. दाबाची खोली मोजणारा सेन्सर असेल तर आणखी चांगलं, कारण दमलेला माणूस ५ सेंटिमीटरपेक्षा कमी दाबू लागतो आणि त्याला ते कळत नाही.

अर्धस्वयंचलित की पूर्ण स्वयंचलित? पथकासाठी अर्धस्वयंचलितच बरं. सगळे बाजूला झाले हे पाहून बटण माणूस दाबतो. गर्दीत हा ताबा मोलाचा आहे. लहान मुलांसाठी (८ वर्षांखालील किंवा २५ किलोपेक्षा कमी) वेगळे पॅड लागतात की चावीने किंवा बटणाने शॉक कमी करता येतो, हे विचारा. दुसरा पर्याय दीर्घकाळ स्वस्त पडतो, कारण मुलांचे पॅडही न वापरता मुदतबाह्य होतात.

कोटेशन आठ वर्षांचं मागा. पॅडची मुदत साधारण दोन वर्षं असेल आणि तुम्ही दोन संच ठेवणार असाल, तर सुरुवातीच्या दोन संचांनंतर तीन वेळा बदल, म्हणजे आणखी सहा संच. बॅटरी चार वर्षं टिकणार असेल तर एक नवी. हा खर्च धरला की स्वस्त वाटलेलं यंत्र महाग ठरू शकतं. पॅड हातात येतील तेव्हा मुदतीचे किमान २० महिने शिल्लक असावेत, अशी अट कोटेशनमध्येच लिहून घ्या. यंत्र दुरुस्तीला पुण्याला गेलं तर तोवर बदली यंत्र मिळेल का, आणि सीडीएससीओचा (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचा) परवाना क्रमांक काय, हेही लेखी घ्या. जुनं यंत्र दान म्हणून आलं तर आधी त्याचे पॅड अजून बाजारात मिळतात का ते पाहा.

पिशवीत यंत्राबरोबर दाढीचा रेझर, जाड टॉवेल, कपडे कापायची कात्री, हातमोजे आणि तोंडाने श्वास देताना लावायचा पॉकेट मास्क ठेवा. घामाने किंवा पाण्याने भिजलेली छाती पुसल्याशिवाय पॅड लावले तर ते सुटतात. सरावासाठी वेगळं ट्रेनिंग यंत्र मागून घ्या; खऱ्या यंत्रावर सराव केला की बॅटरी उतरते.

सरावात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला हवी. धुरात गुदमरलेल्या माणसाला यंत्र बऱ्याचदा 'शॉकची गरज नाही' म्हणेल. तो बरा आहे असा त्याचा अर्थ नाही. तो श्वास घेत नसेल तर १०८ ची गाडी येईपर्यंत ३० दाब आणि २ श्वास चालूच ठेवायचे.

यंत्र तयार असल्याचा हिरवा दिवा रोज पाहा, पॅडची तारीख दर महिन्याला वहीत लिहा. वापर झाला की रुग्णालयाला देण्यासाठी यंत्रातली नोंद काढून घ्या, आणि नवे पॅड जोडून दिवा पुन्हा हिरवा झाल्याशिवाय ते कपाटात ठेवू नका.