पोराच्या हातापायावर फोड आले? आधी या चुका टाळा

पारोळ्याकडं मेडिकल चालवतो, पावसाळा लागला की रोज एकच डायलॉग ऐकतो: "भो, पोऱ्याना हातवर फोड उनात, ट्यूब दे." म्हणजे पोराच्या हातावर फोड आलेत. कोणती ट्यूब? तर शेजारणीच्या नायट्याला लागू पडली ती.

त्या ट्यूबेत स्टेरॉइड असतं. २०१८ साली सरकारनं १४ स्टेरॉइड क्रीम शेड्युल एचमध्ये टाकले, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचेच नाहीत, पण पाळतं कोण. गेल्या पोळ्याच्या आसपास एक बाप आला, पोरगं तीन वर्षांचं, तळहात-तळपायावर लांबट फोड, ढुंगणावर बारीक पुरळ, तोंडातून लाळ गळतेय. हा हँड फूट माउथ नावाचा आजार, कॉक्सॅकी नावाच्या व्हायरसचा, बहुतेक पोरांना सात ते दहा दिवसांत आपोआप बरा होतो. मी म्हटलं ट्यूब देत नाही, डॉक्टरला दाखव. तो चिडला, दुसरीकडून घेतली आणि तीन दिवस चोळली. वर पोरानं खाजवलं, आजीनं सुईनं दोन फोड फोडले. मग पू झाला, पिवळ्या खपल्या आल्या, आठवड्याचं काम तीन आठवड्यांवर गेलं. अरे जो फोड स्वतःच सुकणारेय त्याला कशाला छेडता, एवढी काय घाई असते लोकांना!

दुसरी चूक मला जास्त टोचते. पोरगं जेवत नाही म्हणून रागावतात, तिखट वरण कोंबतात. त्याच्या तोंडात छाले असतात हो, गिळताना आग होते त्याला. माझ्या घरी असं झालं की थंड दूध, ताक, मऊ गार खिचडी, आणि चमच्या-चमच्यानं पाणी दर दहा मिनिटाला, कंटाळा आला तरी. सहा-आठ तास लघवी नाही, पोरगं मलूल पडलंय, सारखं दचकतंय किंवा उलट्या थांबत नाहीत, मग माझ्या दुकानात नका येऊ, सरळ दवाखान्यात जा.

ॲन्टिबायोटिक मागू नका, व्हायरसवर चालत नाही. तापाला ॲस्पिरिन पोरांना कधीच नाही, आणि कांजण्या असतील तर ब्रुफेनही नको. "माता आलीय" म्हणून आंघोळ बंद करू नका, कोमट पाण्यानं घाला, नखं कापा. ताप उतरून फोड सुकेपर्यंत अंगणवाडीत पाठवू नका. शी धुतल्यावर हात साबणानं धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका, हा व्हायरस शीतून कित्येक आठवडे निघत राहतो.

तोच बाप महिन्या-दीड महिन्यानं परत आला, घाबराघुबरा, पोराचा हात पुढं धरला तर दोन बोटांची नखं मुळापासून सुटत आलेली. "भो, ट्यूबनं झालं का हे? कॅल्शियम देऊ?" म्हटलं नाही रे भाऊ, या आजारानंतर काही पोरांची नखं अशी गळतात, खाली नवं नख येतंय बघ, काही लावू नको. नखांपुरती तरी तुझी ट्यूब निर्दोष आहे.