विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी हाताळायचं शैक्षणिक साहित्य: या चुका टाळा

दुसरीच्या वर्गात ४२ वजा १७ चाललंय. बाकावर काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून एक गठ्ठा सोडायचा आणि दहा सुटे करायचे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) असलेला मुलगा गठ्ठा उचलतो, रबर ओढतो. ते निघत नाही. पुन्हा ओढतो तेव्हा काड्या घसरून बाकाखाली जातात. तोवर बाकीच्यांचं उत्तर लिहून झालेलं असतं, आणि त्याच्या नावापुढे शेरा पडतो: हातच्याची वजाबाकी येत नाही.

इथे वजाबाकी तपासलीच गेली नाही. तपासलं गेलं ते रबर काढणं.

हातात दिलेलं कुठलंही साहित्य मुलाकडे दोन गोष्टी मागतं. एक म्हणजे जी संकल्पना शिकवायची ती. दुसरी म्हणजे ते साहित्य वापरता येण्यासाठी लागणारं सगळं: बोटांची ताकद, नजर, कान, स्पर्श सहन होणं, सूचना समजणं. पहिली मागणी आपण ठरवतो. दुसरी साहित्याबरोबर गुपचूप येते, आणि विशेष गरजा असलेली मुलं बहुतेक वेळा तिथेच अडतात. म्हणून काम अडलं की तपासायचा क्रम ठरवून घ्या. आधी मूल बसलंय कसं ते बघा, मग हात, मग डोळे आणि कान, मग आपली सूचना. संकल्पना सर्वांत शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, आणि त्याची किंमत मूल मोजतं.

प्रमाणपत्र वाचून साहित्य निवडणं

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. सवलतींसाठी सहसा किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते कागद मिळवण्यासाठी पालकांनी खूप खेटे घातलेले असतात, त्यांचं महत्त्व आहेच. पण त्यावरून साहित्य ठरत नाही. एकाच प्रकाराची, एकाच टक्केवारीची दोन मुलं घ्या. एकाला चिमटीत मणी धरता येतो, दुसऱ्याला फक्त मुठीत. पहिल्याला लहान ठोकळे चालतील, दुसऱ्याला काडेपेटीएवढे लागतील. हे समजायला फार काही लागत नाही. डबा खाताना, चप्पल घालताना, दप्तराची चेन ओढताना मुलाकडे नीट बघा. हात कुठून सुरू होतो, कुठे थकतो, कुठला हात पुढे येतो, हे तिथे दिसतं.

हात अडतोय, आणि आपण डोकं तपासतोय

पुन्हा त्या गठ्ठ्याकडे. सगळ्यात सोपा उपाय शेजारी बसलेला आहे. मुलाने सांगायचं, "एक गठ्ठा सोड," आणि मित्राने रबर काढायचं. कुठला गठ्ठा कधी सोडायचा हा निर्णय म्हणजेच ते गणित, आणि तो मुलानेच घेतलेला असतो. मित्राने आपण होऊन सोडायचं नाही, एवढं त्याला बजावून ठेवा. मुलाला बोलता येत नसेल तर बोट किंवा नजर पुरते.

दुसरा उपाय म्हणजे रबराऐवजी वेल्क्रोची पट्टी. ती एका हाताने ओढली तरी सुटते. तिसरा उपाय पुष्कळ जण सुचवतात: गठ्ठा सोडायचाच नाही, दशकाचा दांडा देऊन त्याबदल्यात दहा सुटे घ्यायचे. हा जपून वापरा. सोडण्यात तेच दहा डोळ्यांसमोर मोकळे होतात. बदलण्यात एक वस्तू जाते आणि दुसऱ्याच दहा येतात. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला हे समान आहे हे पटायला वेळ लागतो. हात सोपा करायला जाऊन संकल्पना अवघड व्हायची.

साहित्य सारखं पडत असेल, सरकत असेल, तर मुलाला "नीट धर" म्हणू नका. ताटाखाली ओला फडका पसरा, ताट जागचं हलणार नाही. काठ असलेलं, चुंबक चिकटतं असं स्टीलचं ताट घेऊन ठोकळ्यांच्या तळाला चुंबकाची पट्टी पक्की चिकटवली, तर थरथरत्या हाताचा धक्का लागूनही ठोकळे जागेवर राहतात.

आणि पाय बघा. पाय लोंबकळत असतील तर शरीर तोल सावरण्यात गुंततं, एक हात बाकाची कड धरून बसतो आणि कामाला एकच हात उरतो. पायाखाली फळी द्या. कोपर बाकावर टेकेल अशी उंची करा. एवढ्याने कधी कधी "हे साहित्य याला जमत नाही" ही तक्रारच संपते.

चकचकीत, रंगीत आणि न दिसणारं

साहित्य टिकावं म्हणून आपण लॅमिनेशन करतो. अंशतः दृष्टी असलेल्या मुलाला त्या चकाकीत अक्षर बुडून जातं. मूल मान तिरकी करत असेल, कार्ड हलवून बघत असेल किंवा अगदी डोळ्यांशी नेत असेल, तर "चष्मा लागलाय का" या प्रश्नाबरोबरच खिडकी कुठे आहे तेही बघा. मुलाच्या जागेवर, त्याच्या उंचीवर स्वतः बसून कार्ड धरा. उजेड मागून किंवा बाजूने यायला हवा. चकाकीऐवजी मॅट कागद घ्या. काळ्यावर पिवळं किंवा पिवळ्यावर काळं अक्षर बऱ्याच मुलांना मदत करतं, पण प्रत्येकाला काय सोसतं ते त्यालाच विचारावं लागतं.

रंगांची एक सोपी चाचणी आहे. साहित्याचा फोनवर फोटो काढून तो कृष्णधवल करा. दोन रंग सारखेच करडे दिसले तर कमी दिसणाऱ्या मुलाला ते वेगळे ओळखणं अवघड जाऊ शकतं. तांबडा आणि हिरवा यांत फरक न कळणारी मुलंही वर्गात असतात, मुलींपेक्षा मुलग्यांत जास्त, आणि अनेकदा घरच्यांनाही ते माहीत नसतं. "लाल मणी दशक, हिरवे मणी सुटे" असं असेल तर दशकाचे मणी आकारानेही मोठे ठेवा.

सजावटीचा आणखी एक तोटा आहे. मोजायला सुंदर सफरचंदं, बाहुल्या, गाड्या दिल्या की मूल गाडी चालवतं, मोजत नाही. जुडी डीलोश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९८७ चा प्रयोग इथे आठवतो. खोलीच्या छोट्या प्रतिकृतीत खेळणं लपवलेलं मुलांना दाखवलं आणि खऱ्या खोलीत तसंच खेळणं शोधायला सांगितलं. तीन वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमलं, अडीच वर्षांच्या बहुतेकांना नाही. एखादी वस्तू दुसऱ्या कशाची तरी खूण आहे हे समजणं हीच मुळात शिकण्याची गोष्ट आहे, आणि वस्तू जितकी लोभस तितकं ते अवघड. मोजण्यासाठी साधे एकसारखे खडे बरे.

दृष्टिहीन मुलासाठी लोकर चिकटवलेलं चित्र

ही चूक मनापासून, कष्टाने आणि प्रेमाने केली जाते, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर.

हत्तीच्या चित्राच्या कडेवर लोकर चिकटवली की दृष्टिहीन मुलाला हत्ती कळला असं आपल्याला वाटतं. डोळ्याला सगळं चित्र एकदम दिसतं. बोटाला एका वेळी बोटाएवढंच कळतं, आणि तुकडे जोडून आकृती मनात उभी करावी लागते. शिवाय बाजूने काढलेली बाह्यरेषा ही डोळ्यांची रीत आहे. हत्तीला हात लावला तर अशी रेषा कुठेच लागत नाही. म्हणून आधी खरी वस्तू, ती शक्य नसेल तर प्रतिकृती आणि तिच्याबरोबर खऱ्या मापाची गोष्ट ("याचा पाय तुझ्या कमरेएवढा जाड"), आणि उठावाचं चित्र त्यानंतर.

नकाशात हे फार जाणवतं. महाराष्ट्राची सीमा लोकरीची, गोदावरी लोकरीची, कृष्णा लोकरीची. मुलाचं बोट सीमेवरून निघतं आणि नदीत शिरतं. सीमेला जाड सुतळी वापरा, नद्यांना बारीक दोरा, सह्याद्रीला खरखरीत पॉलिश पेपर. जिल्हे यात घालूच नका, त्यांचा वेगळा नकाशा करा. दोन रेषांमध्ये बोटाला स्पष्ट जाणवेल इतकी मोकळी जागा सोडा. तपासायचं असेल तर डोळे मिटून एका बोटाने गोदावरी नाशिकपासून पूर्वेकडे शोधून बघा.

दुसरी गोष्ट अक्षरांची. पूर्ण दृष्टिहीन मुलाला उठावाची देवनागरी अक्षरं महिनोन् महिने गिरवायला लावलेली दिसतात. स्वतःचं नाव ओळखण्यापुरतं ते ठीक. पण त्याला वाचायची आहे ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या टिंबांची लिपी, आणि तिची रचना निराळी आहे. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांसाठीची ब्रेल) 'कि' लिहिताना आधी क येतो आणि मग इकार, म्हणजे आपण उच्चारतो त्या क्रमाने. देवनागरीतली आधी दिसणारी वेलांटी त्याला शिकवून ठेवली तर उगाच गोंधळ. ब्रेलच्या सहा टिंबांसाठी अंड्यांचा सहा खणांचा ट्रे छान चालतो, पण तो फक्त टिंबांचे क्रमांक शिकण्यापुरता. खऱ्या ब्रेलमध्ये दोन टिंबांत साधारण अडीच मिलिमीटर अंतर असतं आणि अख्खं अक्षर एका बोटाखाली मावतं. ट्रेवर पटापट सांगणारं मूल कागदावर अडलं तर घाबरू नका. ते वेगळं कौशल्य आहे, त्याचा सराव पहिल्यापासून समांतर चालू ठेवा.

आणि मुलाचं मनगट धरून हात साहित्यावर ओढू नका. त्याचे हात हेच त्याचे डोळे आहेत. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवा, वस्तूकडे न्या आणि हळूच काढून घ्या. नको वाटलं तर हात उचलायची मुभा त्याच्याकडे राहते.

कर्णबधिर मुलाशी दाखवता दाखवता बोलणं

आपण ठोकळे मांडतो आणि त्याच वेळी समजावतो. कर्णबधिर मूल ठोकळ्यांकडे बघतं तेव्हा आपले ओठ आणि हातवारे निसटतात, आणि तोंडाकडे बघतं तेव्हा ठोकळे. आधी सांगा, थांबा, मग करून दाखवा, पुन्हा थांबा, त्याची नजर वर आली की पुढचं बोला. श्रवणयंत्र असलं तरी हेच. खाली वाकून, फळ्याकडे तोंड करून बोललेलं वाया जातं.

स्पर्श नको असलेलं मूल, आणि तोंडात घालणारं मूल

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांपैकी काहींना वाळू, चिकणमाती, पॉलिश पेपरची अक्षरं हे स्पर्श सोसत नाहीत. बोटं आखडणं, हात पुन्हा पुन्हा कपड्याला पुसणं, ताट ढकलणं ही खूण आहे. याला हट्ट म्हणू नका, "सवय होईल" म्हणून हात दाबू नका. वाळूत ब्रशने किंवा काडीने लिहू द्या. झिपच्या पिशवीत थोडा रंग भरून ती पक्की बंद केली तर वरून बोट फिरवून अक्षर काढता येतं, हात कोरडा राहतो. उलट काही मुलांना दाब, खरखरीतपणा हवाच असतो. त्यांना तेच पॉलिश पेपर आवडेल.

इथे मात्र सवलत नको: तोंडात, नाकात, कानात वस्तू घालणाऱ्या मुलासमोर चिंचोके, मणी, हरभरे मोकळे ठेवू नयेत. आवाज करणाऱ्या खेळण्यातला बटण सेल (बटणासारखा चपटा गोल सेल) गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. उलटी करवू नका, थेट रुग्णालयात न्या. दोन चुंबकं पोटात गेली तर ती आतड्याला मध्ये धरून चिकटतात, तीही तितकीच धोक्याची. सेलचं झाकण स्क्रूचं नसेल असं खेळणं वर्गात आणूच नका, आणि वर सांगितलेली चुंबकपट्टी अशा मुलासाठी वापरू नका.

सारखी दिसणारी अक्षरं एकाच दिवशी

वाचन अक्षमता असलेल्या मुलांना घ-ध, म-भ, थ-य यांत गोंधळ होतो, म्हणून फरक समजावा या हेतूने आपण दोन्ही कार्डं शेजारी ठेवतो. गोंधळ घट्ट होतो. घ पक्का होईपर्यंत ध आणू नका. गिरवताना आवाज मोठ्याने हवा. मुकाट्याने गिरवलेलं अक्षर हाताला कळतं, पण आवाजाशी जोडलं जात नाही.

साहित्य काढून घेणं: फार लवकर, किंवा कधीच नाही

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रुनर यांनी १९६० च्या दशकात मांडलेला क्रम आजही उपयोगी आहे: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. मधली पायरी गाळली जाते. सोमवारी काड्या, मंगळवारी थेट आकडे. मध्ये असं करून बघा: आठ काड्यांपैकी पाच वाटीखाली झाकायच्या, तीन बाहेर, "एकूण किती?" मूल वाटी उचलून मोजत असेल तर काड्या हव्यात. वाटीवर बोट टेकवून "पाच" म्हणून पुढे "सहा, सात, आठ" मोजत असेल तर चित्रावर जायला ते तयार आहे.

पण सगळंच साहित्य काढून घ्यायचं नसतं. टेलर फ्रेमवर, म्हणजे गणितासाठीच्या खाचांच्या पाटीवर, दृष्टिहीन मूल अष्टकोनी खाचेत खिळा फिरवून आकडा लिहितं. ती फ्रेम आणि ॲबॅकस (मण्यांची पाटी) म्हणजे त्याची वही-पेन्सिल. चष्मा लागलेल्या मुलाचा चष्मा आपण "आता सवय झाली" म्हणून काढून घेत नाही. पाचवीत गेल्यावर "अजून ॲबॅकस कशाला" विचारणाऱ्यांना हे शांतपणे सांगावं लागतं.

कपाटात कुलूपबंद पेटी

महागडं किट आलं की ते जपलं जातं, आणि पाहुणे आले की बाहेर निघतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला मुलांबरोबर काम केलं, ते शंख-शिंपले, खडे, बिया, पानं घेऊन. हरवलं तर पुन्हा वेचता येणारं साहित्य मुलाच्या हातात निर्धास्त देता येतं. दिव्यांग मुलासाठी केलेलं साहित्य सगळ्या वर्गाला वापरू द्या. नाहीतर ते "त्याचं वेगळं" ठरतं आणि मूलच ते घ्यायला नकार देतं.

डबे मुलाच्या हाताला येतील अशा फळीवर ठेवा, आणि आत काय आहे त्याचा एक नमुना झाकणावर पक्का चिकटवा: एक काडी, एक ठोकळा, सुतळीचा तुकडा. मग दृष्टिहीन मुलगी चाचपून हवा तो डबा स्वतः काढते, आणि न बोलणारा मुलगा झाकणावर बोट ठेवून मागतो.